नगरचे ऊन, महाडचे धुके

मार्च महिना अर्धा सरला की आमच्या घरी संध्याकाळच्या बातम्या लागतात त्या हवामानासाठी. बाकीचे राजकारण रोजचेच आहे. परंतु उद्या ऊन किती, वारा कोणीकडचा, अवकाळीचे काही आहे का, हे उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला आधी कळायला हवे. यंदा महाडला निघण्याच्या दोन दिवस आधी बातमी आली ती अशी: मध्य महाराष्ट्रात उन्हाचा तडाखा वाढणार, कोकणात काही ठिकाणी पहाटे धुके पडणार. आमच्या शेजारच्या आक्का दारात लसूण सोलत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "दादा, एकाच महाराष्ट्रात एकीकडं भट्टी अन् एकीकडं धुई? ह्या बातमीवाल्यालाच ऊन लागलंय जनू!"

सगळे हसले, आम्हीही हसलो. दोन दिवसांनी मात्र आक्कांनी ती भट्टी आणि ती धुई एकाच रात्रीत पाहिली. त्याच प्रवासाची ही हकिकत.

आधी आपल्या जिल्ह्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. हवामान खाते महाराष्ट्राचे चार भाग करते: कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. आपला नगर जिल्हा, म्हणजे सरकारी कागदावर २०२४ पासूनचा अहिल्यानगर, मध्य महाराष्ट्रात मोडतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, तालुके चौदा. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला एकच हवामान कसे असेल? पश्चिमेच्या टोकाला अकोले तालुका. तिथे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. तिथलीच घाटघर आणि रतनवाडी ही गावे पावसाळ्यात महिना महिना सूर्य पाहत नाहीत. प्रवरेवरचे भंडारदरा धरण याच तालुक्यात, १९२६ साली पुरे झालेले. (याच अकोले तालुक्यातले धामणगाव हे दया पवारांचे गाव. 'बलुतं' १९७८ साली आले. आपल्या मुलांना पुस्तक ठाऊक असते, ते आपल्या जिल्ह्यातले आहे हे ठाऊक नसते.) आणि पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेड. ढग सह्याद्रीवर आपटून रिकामे होतात आणि इकडे येईस्तोवर त्यांच्यात द्यायला काही उरत नाही. शाळेच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द मोठा गमतीचा आहे, कारण आपल्याकडे छाया तेवढी मिळत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहाटे उभे राहिले तर पायाखाली पांढरे धुके भरलेले असते आणि पाठीमागे आपला कोरडा मुलूख असतो. म्हणजे आक्का ज्याला हसल्या ती गोष्ट आपल्याच जिल्ह्याच्या कडेला घडते.

पूर्वेकडच्या उन्हाचे वर्णन करण्याचे कारण नाही, आपण ते खातोच. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघतो. बायका सकाळी सातला वावरात बसतात आणि विळ्याने पात कापत कापत बसल्या जागी पुढे सरकतात. झाड बांधावर एखादे, तेही मालकाच्या मोटारसायकलसाठी. अंगावर मालकाचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. ढेकूळ हातात धरवत नाही इतके तापते. इकडे ऊसतोडीच्या टोळ्या परतीच्या वाटेला लागतात, तिकडे मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात आणि पत्र्याच्या शेडखाली हमाल उभा असतो. पारा घाटाच्या वर सगळ्यांसाठी एकच असतो. त्याच्याखाली किती तास उभे राहायचे, हे ज्याच्या त्याच्या कामावर ठरते.

या हमालाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. बरीच वर्षे नाही झाली, चारच. १४ एप्रिलची मिरवणूक. डीजेवाल्याची संध्याकाळची तारीख दुसरीकडे लागली होती, दुपारी स्वस्तात येतो म्हणाला. उत्सव समितीचे सचिव आम्हीच होतो. वेळेच्या रकान्यात 'दुपारी बारा' हे आमच्याच अक्षरात लिहिले गेले. पंचशील ध्वज धरायचा मान आमच्या वस्तीतल्या एका हमालाचा असे. अठ्ठावन्न वर्षांचा गडी, आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिलेला. एक वाजून गेल्यावर तो असंबद्ध बोलू लागला, पाय वाकडे पडू लागले. कोणीतरी म्हणाले, आज सणाला घेतलेली दिसते. ज्या माणसाने १९८० च्या सुमारास दारू सोडली ती पुन्हा शिवली नाही, त्याच्याविषयी हे बोलले गेले आणि आम्ही ते ऐकून पुढे चाललो. तो पडला तेव्हा कांदा हुंगवला, तोंडात पाणी ओतले. अंगाला हात लावला तर अंग तव्यासारखे तापलेले आणि घामाचा एक थेंब नाही. हे कशाचे लक्षण आहे हे आमच्यापैकी एकालाही कळले नाही. संध्याकाळी दवाखान्यात तो गेला.

पुढे आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतले. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू काम सोडतो. माणूस बरळतो, अडखळतो, कधी झटके येतात, आणि अनेकदा घाम थांबतो. त्याला उष्माघात म्हणतात. अशा माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावरचे कपडे सैल करावेत, सर्वांगाला ओले फडके लावून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. आम्ही नेमके तेच केले होते.

तर यंदाचे महाड. १९ मार्चच्या रात्री दहाला आम्ही अकरा जण निघालो. गाडी आमच्या गल्लीतल्या चाचांची, क्रूझर. चाचा दरवर्षी आम्हाला नेतात आणि तिथे गेल्यावर आमच्याबरोबर रांगेत उभेही राहतात. बरोबर बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दशम्या, दोन पाण्याचे जार, आणि गोणपाट गुंडाळलेला एक माठ, तो आक्कांचा. माठ गाडीत फुटेल म्हणून पोरे ओरडत होती. आक्कांनी तो दोन्ही पायांत धरला आणि महाडपर्यंत फुटू दिला नाही.

रात्रीचे दहा वाजले तरी नगरच्या भिंती हाताला गरम लागत होत्या. आपल्या हवेत बाष्प कमी. त्यामुळे दिवसा ऊन थेट येते आणि घाम आला तरी अंगावर थांबत नाही, क्षणात वाळतो. म्हणून नगरच्या माणसाला आपल्या अंगातून किती पाणी गेले ते कळतच नाही. सदऱ्यावर पांढरे मिठाचे पट्टे दिसतात तेव्हा कळते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

सुपे, शिरूर, शिक्रापूर मागे टाकत कोरेगाव भीमाला आलो. नदी ओलांडून पेरण्याला गाडी थांबवली, जयस्तंभाला वंदन केले. १ जानेवारी १८१८ ची लढाई मुलांना ठाऊक होती. पण बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे १ जानेवारी १९२७ ला आले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या तळ्यावर गेले, ही दोन टोके एकमेकांना जोडून त्यांनी पाहिली नव्हती. मधे तीन महिनेसुद्धा नाहीत. आम्ही जो रस्ता धरला होता तो एका अर्थी त्याच वर्षाचा रस्ता होता.

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याच्या जुन्या दगडी इमारतीवरून गेलो. पुणेकर त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हे कार्यालय सिमल्याहून पुण्यात आले. आक्कांना सांगितले की तुमचा बातमीवाला ज्यांचे ऐकून सांगतो त्यांचे हे मोठे घर. त्यांनी खिडकीतून वाकून पाहिले आणि विचारले, "रातचं कोन जागं असतंय का तिथं?" असते, म्हणालो.

पौड सोडले, मुळशीचे पाणी उजव्या अंगाला आले आणि हवा बदलली. खिडकीच्या काचा आतून ओल्या होऊ लागल्या. पहाटे साडेचारच्या सुमारास ताम्हिणी घाटात शिरलो तो समोर काहीच दिसेना. दिव्यांचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पडावा तसा परत येत होता. चाचांनी एका रुंद जागी गाडी रस्त्याच्या पार खाली घेतली, इंजिन बंद केले, मागचे पुढचे दिवे लुकलुकते ठेवले आणि म्हणाले, "अब उजाडेपर्यंत बैठो."

पोरांना हे पटेना. त्यांना सकाळी सातच्या आत तळ्यावर पोचून रांगेत पुढे राहायचे होते. एक जण म्हणाला, "चाचा, हळूहळू घ्या ना, मी पुढं बॅटरी घेऊन चालतो." दुसरा म्हणाला, "दरवर्षी आपनच शेवटी." आम्हालाही मनातून वाटत होते की निघावे. तसे आम्ही बोललोसुद्धा. चाचा काही बोलले नाहीत, किल्ली काढून खिशात घातली. त्यानंतर दहा मिनिटेही झाली नसतील. वळणावरून एक डंपर आला, चुकीच्या बाजूने, एकच दिवा लागलेला, आणि आमच्या गाडीपासून हातभर अंतरावरून उतरत गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. मग पोरे गप्प बसली. आम्हीही बसलो.

हवामान खात्याच्या हिशेबात समोरचे एक किलोमीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले की ते धुके, दोनशे मीटरच्या आत आले की दाट धुके. आमच्या पुढे वीस मीटरही दिसत नव्हते.

बसल्या बसल्या मुलांनी विचारले, धुके इथेच का, आपल्याकडे का नाही? आम्ही बी.कॉम., भूगोल शाळेपुरता. पण एवढे सांगता आले. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे येतात आणि ओली हवा घाटाच्या पायथ्यापर्यंत भरून ठेवतात. रात्री आभाळ निरभ्र असले, वारा पडला, की जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि लवकर गार होते. गार हवा जड, ती दऱ्यांत, नदीच्या खोऱ्यांत उतरून बसते. तिथे आधीच बाष्प भरलेले. गारव्याने त्या बाष्पाचे बारीक थेंब होतात, तेच धुके. नगरलाही रात्री जमीन गार होते, किंबहुना जास्तच होते. पण थेंब व्हायला हवेत बाष्प कुठे आहे? आक्कांनी याचा सोपा पुरावा दिला. माठातले गार पाणी तांब्यात ओतले. बघता बघता तांब्याला बाहेरून घाम सुटला. "आपल्याकडं या दिसांत तांब्या कोरडाच ऱ्हातो," त्या म्हणाल्या. त्याहून चांगले आम्हाला सांगता आले नसते.

साडेसहाला उजाडले. आधी झाडांचे शेंडे दिसले, मग कडा, मग खालची सगळी दरी. दरीत काठोकाठ दूध ओतल्यासारखे धुके, मधून मधून डोंगरांची टोके वर आलेली. आमच्यातली एक सातवीची मुलगी ओरडली, "समुद्र!" तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. तिला कोणी दुरुस्त केले नाही.

घाट उतरून विळ्याजवळ एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्या ताईंना आम्ही धुक्याचे कौतुक सांगू लागलो तर त्या वैतागल्या. त्यांच्या परड्यात आंब्याची चार कलमे. धुके आणि दंव पडले की मोहोरावर भुरी येते, तुडतुडे वाढतात, मोहोर काळा पडून गळतो. फवारणीला पैसे जातात. "तुम्हाला बघायला बरं वाटतं, आमचा आंबा जातो," त्या म्हणाल्या. ते खरेच होते. आम्ही चहा पिऊन निमूट उठलो.

त्याच टपरीवरून उजवीकडे भिऱ्याचा रस्ता जातो. भिरा हे नाव वाचकांपैकी काहींना आठवेल. २०१७ च्या मार्चअखेरीस तिथल्या केंद्रावर ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. विदर्भात नव्हे, रायगड जिल्ह्यात, समुद्रापासून काही तासांच्या वाटेवर! याचे कारण कळले तेव्हा आम्हाला आपल्या नगरची आठवण झाली. मार्चमध्ये काही दिवस वारा पूर्वेकडून सुटतो. पठारावरची तापलेली कोरडी हवा घाटावरून कोकणात उतरते. हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंश आणखी तापते. पठार ते कोकण सहाशे मीटरचा उतार धरला तर पाच-सहा अंशांची भर वाटेतच पडते. शिवाय हा वारा समोरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. त्या दिवशी कोकणात होरपळ होते. म्हणजे आपल्याच उन्हाचा एक वाटा घाट उतरून त्यांच्याकडे जातो.

माणगावला हमरस्त्याला लागलो. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते, दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही मुद्दाम ती कमान दाखवतो. पुढे दासगाव. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला मोटारवाल्यांनी गाड्या द्यायला नकार दिल्यावर बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने याच दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृती जाळली तो दिवस. सावित्रीच्या खाडीवर आम्ही पाहिले तेव्हा धुक्याचा एक शेवटचा पट्टा पाण्यावर लोळत होता. डिसेंबरच्या त्या सकाळी बोटीतल्यांना काठ कसा दिसला असेल?

महाडच्या अलीकडे रस्त्याला लागूनच गांधारपाले लेणी आहेत. आपले बरेच लोक घाईत पुढे निघून जातात, हे बरे नव्हे. आम्ही थांबलो. आक्का खालीच बसल्या, बाकीचे वर गेलो. येथील एका प्राचीन शिलालेखात विष्णुपालित नावाच्या एका राजकुमाराने चैत्यगृह, भिक्खूंसाठी आठ खोल्या आणि दोन पोढ्या दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. पावसाळ्यात चार महिने धो धो पाऊस आणि मार्चपासून ठणठणाट, हे कोकणचे गणित त्या खोदणाऱ्यांना पक्के माहीत असले पाहिजे. राहण्याच्या खोलीबरोबर पाण्याची सोय कोरलेली, आणि ती संघासाठी आणि वाटसरूंसाठी. तिथून तळे दोन-तीन किलोमीटर. अठराशे वर्षांनी त्या गावात पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

दहाच्या सुमारास तळ्यावर पोचलो. धुके कुठल्या कुठे गेले होते आणि अंग चिकचिकत होते. रांग लांब. जयभीमच्या गजरात, निळ्या ध्वजांत, महाराष्ट्रभरची माणसे. मुलांना आम्ही रांगेतच इतिहास सांगत होतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, तरी पाण्याला कोणी हात लावू शकत नव्हता. १९ मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा आलेल्या हजारोंच्या तहानेसाठी पाणी गावातल्या स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि लोक त्यांच्या मागोमाग उतरले. पुढे डोकी फुटली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

चाळीस रुपये ऐकून एका पोराने हिशेब केला, "म्हणजे दोन बाटल्या!" त्याच्या हातात वीस रुपयांची बाटली होती. मग त्याला १९२७ चे चाळीस रुपये म्हणजे काय हे समजावता समजावता रांग पुढे सरकली. तो नंतर बराच वेळ त्या बाटलीकडे पाहत होता. मार्चमधले कोकण, डोक्यावर सूर्य, चालत आलेली माणसे, पुढ्यात भरलेले तळे, आणि पाणी विकत. आम्ही हे वर्षानुवर्षे भाषणांत सांगतो. परंतु त्या रांगेत तीन तास घाम गाळल्यावर ते घशाला कळते. नगरपेक्षा पारा कमी असेल, पण घाम वाळतच नाही. हवेत आधीच ओल भरलेली, तिला आणखी ओल घेववत नाही. घाम वाळला नाही की अंग गार होत नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करते आणि किनाऱ्यावर ३७ लाच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या श्रीसदस्यांपैकी चौदा जण दगावले, ते असेच भर उन्हात बसून.

आक्कांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले, घोटभर प्यायल्या. पायऱ्या चढून वर आल्या आणि म्हणाल्या, पोटऱ्या वळतायत. चेहरा पांढराफटक. घाम मात्र धारांनी वाहत होता, बोलणे नीट होते. आमच्या छातीत धस्स झाले. तरी चार वर्षांपूर्वी न कळलेला फरक आता कळत होता. घाम आहे, शुद्ध आहे, अंग फार तापलेले नाही, म्हणजे हा उष्माघात नव्हे, त्याच्या आधीची पायरी. इथेच थांबवता येते.

जवळच्या एका घरातल्या बाईंनी आम्हाला न विचारता दार उघडले. ओटीवर आक्कांना आडवे केले, पाय उशीवर उंच, मानेला आणि काखेत ओली फडकी, पुठ्ठ्याने वारा. त्या बाईंनी मीठ-साखर घातलेले कोकमाचे सरबत आणले. आम्ही लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ठेवले आणि घोट घोट देत राहिलो. पाऊण तासाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा त्या छताकडे बघत बोलल्या, कोणाला उद्देशून नाही, "माझ्या भावाला असं वल्लं फडकं कुनी ठिवलं न्हाई."

वाचकांना आम्ही हे सांगितले नव्हते. तो हमाल आक्कांचा धाकटा भाऊ. या चार वर्षांत त्या एकदाही त्यावर बोलल्या नव्हत्या. रोज दारात बसून उद्याचे ऊन किती ते विचारतात ते का, हे आम्ही कधी विचारले नव्हते. आम्ही फडके पुन्हा पाण्यात बुडवून पिळले आणि कपाळावर ठेवले. दुसरे काही सुचले नाही.

परतताना ताम्हिणी उजेडातच चढलो, हे चाचांनी आधीच बजावले होते. घाटमाथ्यावर गार वारा लागला, पुण्याला जेवलो, मध्यरात्रीनंतर नगरला उतरलो तो भिंती पुन्हा गरमच.

मार्चच्या शेवटच्या रविवारी विहारात जयंतीची बैठक झाली. मिरवणूक संध्याकाळी काढायची असे आम्ही मांडले. पोरांचा विरोध होता: रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, मग डीजेचे पैसे वसूल होणार कसे? दोन तास वाद झाला. कोणी म्हणाले, बाबासाहेबांसाठी उन्हाला काय भ्यायचे? महाडला बरोबर आलेल्या पोरांपैकी एकाने त्याला उत्तर दिले, तो पहाटे बॅटरी घेऊन चालायला निघालेला. तो म्हणाला, "चाचानं किल्ली खिशात घातली म्हनून आज मी हितं बोलतोय." अखेर ठरले. डीजे लहान, ढोल-ताशा आपल्याच पोरांचा. चौकाचौकांत माठ. मीठ-साखरेच्या पाण्याचे दोन पिंप, त्याची जबाबदारी महिला मंडळाकडे. १०८ चा नंबर पत्रिकेवरच छापायचा.

आक्का कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होत्या. शेवटी ध्वज कोणी धरायचा हा विषय आला तेव्हा त्यांनी हात वर केला. वय झाले, झेपायचे नाही, असे दोघे-तिघे म्हणाले. त्यांनी विचारले, "येळ कितीची लिवली?" आम्ही वही त्यांच्याकडे फिरवली. सायंकाळी साडेपाच. "मग झेपंल," त्या म्हणाल्या.